राखेचा पाक

गुऱ्हाळावर गेलेल्या माणसाची नजर काहिलीवरून हलत नाही. रस उकळत असतो, मळ वर येतो, तो झाऱ्याने काढून टाकला जातो. भेंडीच्या झाडाचा बुळबुळीत रस पडला की उरलासुरला गाळही वर येतो. मग फेसाचा रंग पालटतो, बुडबुडे जड होतात आणि गुळव्या पुढे सरकतो. थोडा पाक गार पाण्यात टाकून तो बोटांनी चोळतो. गोळी वळली, ती भांड्याच्या कडेवर आपटून वाजली, की तो मान हलवतो. काहील लगेच उतरवली जाते. पाकाचं तापमान तेव्हा ११५ ते १२० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असतं. गुळव्याला तो आकडा ठाऊक असो वा नसो, त्याचं काम अडत नाही. तो तापमान मोजतच नसतो, चिकटपणा मोजत असतो. दोन-चार अंश आधी उतरवला तर गूळ पाझरणार, दोन-चार अंश उशीर झाला तर करपणार.

त्याच वेळी काहिलीखाली, चुलवाणात, आणखी एक पाक होत असतो. त्याकडे कुणाचं लक्ष नसतं. वाळलेली चिपाडं भडाभडा जळतात आणि त्यांची राख खाली पडते. दुसऱ्या दिवशी गार चुलवाणातून राख ओढताना बहुतेक राख भुसभुशीत निघते. जिथे जाळ सगळ्यात कडक असतो तिथे मात्र खोऱ्याला टणक गठ्ठे लागतात. हिरवट-काळे, भोकाभोकांचे, फोडले तर आतून काचेसारखे चमकणारे. वीटभट्टीवाल्यांकडे याला नेमका शब्द आहे: खंगर. भट्टीत आच जास्त लागून विटा एकमेकींना चिकटल्या की त्याचा खंगर होतो. चुलवाणातला खंगर राखेचा, एवढाच फरक.

भुसभुशीत राखेचा खंगर नेमका कधी होतो? हा प्रश्न गुऱ्हाळाला फारसा महाग पडत नाही. खोऱ्याचे चार घाव घातले की काम भागतं. चार पावलांवरच्या साखर कारखान्यात मात्र याच प्रश्नावर कोट्यवधी रुपयांचा बॉयलर चालतो किंवा बंद पडतो.

हात कापणारी पानं

उसाच्या फडात उघड्या हाताने शिरलेल्या माणसाला पाल्याचा हिसका माहीत असतो. पानाची कड करवतीसारखी कापते. त्या धारेमागे सिलिका आहे, म्हणजे वाळू ज्याची बनलेली असते तेच द्रव्य. ऊस जमिनीतून विरघळलेली सिलिका पाण्याबरोबर शोषून घेतो आणि पानांत, सालीत साठवतो. ऊस जळाला तरी सिलिका जळत नाही. म्हणून उसाच्या राखेचा मोठा भाग सिलिकाच असतो. तोडणीबरोबर आलेली माती तिच्यात आणखी भर घालते.

राखेतला दुसरा महत्त्वाचा घटक पोटॅशियम. शेतकरी त्याला पोटॅश म्हणून ओळखतो आणि गोणीने विकत घेतो. या नावातच राख आहे. पूर्वी युरोपात लाकडाची राख पाण्यात कालवून ते पाणी भांड्यात आटवत आणि क्षार मिळवत. भांडं म्हणजे पॉट आणि राख म्हणजे अ‍ॅश, म्हणून तो पॉटॅश. १८०७ साली हम्फ्री डेव्ही यांनी त्यातून विजेच्या साहाय्याने एक नवा धातू वेगळा केला आणि त्याला पोटॅशियम हे नाव दिलं. आपल्याकडे राखेने भांडी घासत, त्यातही या क्षारांचा हात होताच.

शुद्ध सिलिका वितळायला १,७०० अंशांच्या वर तापमान लागतं. उसाचं कुठलंही चुलवाण किंवा बॉयलर तिथवर जात नाही. राखेत नुसती सिलिका असती तर हे प्रकरण इथेच संपलं असतं. पण सिलिकेत पोटॅशियम योग्य प्रमाणात मिसळलं की ते मिश्रण ७७० अंशांच्या आसपासच वितळायला लागतं. जवळजवळ हजार अंशांची ही घसरण. त्यात क्लोरीन असेल तर पोटॅशियम क्लोराइड तयार होतं. तेही योगायोगाने ७७० अंशांनाच वितळतं, आणि पोटॅशियम सल्फेटबरोबर मिसळलं तर त्याहून खाली, ७०० अंशांच्याही आत. उलट बगॅसच्या, म्हणजे गाळून उरलेल्या चिपाडाच्या, बॉयलरमधली आच हजार अंशांच्या घरात असते. चिकटपणाला लागणारी उष्णता तिथे केव्हाही हजर असते, फक्त पोटॅशियम पोचायचा अवकाश.

सिलिका आणि क्षार एकत्र वितळले की जे होतं त्याला आपण काच म्हणतो. उसाच्या पट्ट्यातल्या कोल्हापूरला काच नवी नाही. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. ग. दीक्षित यांनी उत्खनन केलं. रोमन जगातून आलेल्या ब्राँझच्या समुद्रदेवाच्या मूर्तीने हे टेकाड प्रसिद्ध केलं, पण तिथे काचेचे मणीही मिळाले. दीक्षितांनी पुढे भारतीय काचेच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला. वाळू आणि क्षार तापवून मणी ओढणाऱ्या कारागिराला जे हवं होतं, ते बॉयलरवाल्याला मुळीच नको असतं.

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत जा, तिथली तऱ्हा पुन्हा वेगळी. क्युपोला भट्टीत लोखंडाबरोबर चुनखडी मुद्दाम टाकतात, कारण कोकची राख आणि वाळू चुन्याशी मिळून पातळ व्हावी आणि स्लॅग होऊन सरळ वाहून जावी. राख एकतर पूर्ण कोरडी राहावी, नाहीतर पूर्ण पातळ व्हावी. दोन्ही टोकं सोयीची आहेत. सगळा त्रास मधल्या अवस्थेचा. राखेचा पाक झाला की पंचाईत.

नळीवर बसणारा पहिला थर

दसऱ्याच्या सुमाराला कारखान्याकारखान्यांतून बॉयलर अग्निप्रदीपनाचे समारंभ होतात. पूजा होते, पहिली मोळी आत जाते, फोटो निघतात. पुढचे चार-पाच महिने ती आग सहसा विझवायची नसते.

रोज ५,००० टन ऊस गाळणारा कारखाना घेऊ. उसाच्या २८ ते ३० टक्के बगॅस निघतो, म्हणजे दिवसाला १,४०० ते १,५०० टन. त्याची राख अवघी दोन टक्के धरली तरी रोज २८ ते ३० टन होते. यातली बरीच राख खाली जाळीवर पडते. उरलेली धुराबरोबर वर उडते आणि नळ्यांच्या जंगलातून वाट काढत चिमणीच्या दिशेने जाते. नळ्यांतून वाफ वाहते. जुन्या कारखान्यांत वाफेचं तापमान ३४० ते ३८० अंश असे. सहवीजनिर्मिती आली, ग्रिडला वीज विकायची सोय झाली, तसा दाब वाढत गेला. चौरस सेंटिमीटरला ८७ किलो दाब असेल तर ५१५ अंश, ११० किलो असेल तर ५४० अंश. वाफ जितकी गरम तितकी एका टन बगॅसमधून वीज जास्त. पण नळी जितकी गरम, तितका तिच्यावर बसलेला क्षार जास्त त्रास देणार. विशेषतः क्लोरीनवाला क्षार पोलाद कुरतडतो.

थर बसण्याची सुरुवात डोळ्याला दिसत नाही. आगीत वाफ झालेलं पोटॅशियम क्लोराइड तुलनेने गार नळीवर दव पडावं तसं जमतं. अगदी बारीक कण गरम बाजूकडून गार बाजूकडे ढकलले जातात, तेही येऊन बसतात. हा थर कागदाइतका पातळ, पण ओलसर. मोठे कण वेगाने येऊन नळीवर आपटतात. नळी कोरडी असती तर ते उसळून पुढे गेले असते. आता ते रुतून बसतात.

यापुढे थर स्वतःच स्वतःला वाढवतो. राख उष्णता नीट वाहू देत नाही. त्यामुळे थर जाड होईल तसा त्याचा बाहेरचा पृष्ठभाग नळीच्या गारव्यापासून तुटतो आणि धुराइतका तापू लागतो. तापला की जास्त चिकट होतो, चिकट झाला की जास्त कण धरतो. आतल्या वाफेला उष्णता कमी मिळते म्हणून बगॅस जास्त घालावा लागतो. बगॅस जास्त घातला की आच वाढते आणि राखही. वाफेचे झोत मारणारे सूट ब्लोअर भुसभुशीत थर उडवतात. खंगर झालेल्या थरावर त्यांचं काही चालत नाही. शेवटी दोन नळ्यांच्या मधली वाटच बुजते, पंखा धूर ओढू शकत नाही आणि ऐन हंगामात बॉयलर गार करून माणसं आत उतरवावी लागतात.

म्हणून बॉयलर बांधणाऱ्याला आधीच एक आकडा हवा असतो: ही राख कितव्या अंशाला चिकटायला लागते? भट्टीची उंची, नळ्यांमधलं अंतर, पहिल्या नळ्यांपाशी पोचणाऱ्या धुराचं तापमान, सगळं त्या आकड्यावर ठरतं.

शिखर ढासळताना

हा आकडा काढण्याची सगळ्यात रुळलेली पद्धत पाहायला साधी आहे. राख पिठासारखी वाटून घेतात. स्टार्चपासून केलेल्या डिंकाच्या पाण्यात, म्हणजे डेक्स्ट्रिनमध्ये, ती मळतात आणि लहानशा साच्यात दाबून तिचा तीन बाजूंचा सुळका काढतात. उंची सुमारे १९ मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या पेराएवढीही नाही. सुळका वाळवून भट्टीत ठेवतात आणि मिनिटाला ठरावीक अंशांनी ताप वाढवत नेतात. भट्टीच्या तोंडाशी कॅमेरा असतो.

पडद्यावर बराच वेळ काहीच घडत नाही. धगधगत्या पार्श्वभूमीवर छोट्या देवळाच्या शिखरासारखी काळी आकृती उभी असते. मग शिखराचं टोक बोथट होतं. हा पहिला आकडा, विरूपणाची सुरुवात. पुढे सुळका आकसून गोळीसारखा होतो, उंची आणि रुंदी सारखी. हा दुसरा. मग उपडी ठेवलेली वाटी व्हावी तसा अर्धगोल, उंची रुंदीच्या निम्मी. हा तिसरा. शेवटी तो पोळीसारखा पसरतो, तो चौथा. चार आकृत्या, चार तापमानं.

ही कल्पना कुंभारकामातून आली. बर्लिनमध्ये हेर्मान सेगर यांनी १८८६ साली वेगवेगळ्या मिश्रणांचे सुळके बनवले. प्रत्येक सुळका ठरावीक उष्णतेला वाकायचा. भट्टीत असे दोन-तीन सुळके ठेवायचे, कोणता वाकला ते भोकातून बघायचं आणि भांडी पक्की भाजली का ते ओळखायचं. पुढे दगडी कोळशाच्या जगाने हीच युक्ती उलटी वापरली. सेगर यांना मिश्रण ठाऊक होतं आणि उष्णता शोधायची होती. कोळशावाल्यांनी उष्णता मोजली आणि राखेचा स्वभाव शोधला.

भारतीय कोळशाच्या बाबतीत ही परीक्षा चांगलं चित्र देते. चंद्रपूर, कोराडी, परळीच्या वीज केंद्रांत जळणाऱ्या अशा कोळशात राख ३५ ते ४५ टक्के असते. पण ती सिलिका आणि अ‍ॅल्युमिनाची, क्षार कमी. तिचा सुळका बहुधा १,४०० अंशांनंतरच वाकतो. म्हणून तिथली तक्रार चिकटण्याची नसून झिजवण्याची असते. राख डोंगराएवढी, पण कोरडी. उसाच्या पाल्याची राख मूठभर, पण चिकट. बॉयलरवाल्याने राख किती यापेक्षा राखेत काय हे आधी विचारावं, ते यासाठी.

सुळका खोटं बोलतो तेव्हा

वनस्पतींच्या राखेपुढे मात्र हीच परीक्षा फसते. तीन कारणांनी.

पहिलं कारण तयारीतच आहे. कोळशाची राख करताना तो ८१५ अंशांना जाळतात. उसाचा पाला तसा जाळला तर पोटॅशियम क्लोराइडचा काही भाग आधीच उडून जातो. म्हणजे चोर पळाल्यावर झडती. म्हणून जैवइंधनाची राख ५५० अंशांनाच करायची असा दंडक आहे.

दुसरं कारण, सुळका ही सगळ्या राखेची सरासरी. खऱ्या बॉयलरमध्ये कण सुटे उडतात. एक कण नुसत्या वाळूचा, दुसरा सगळा क्षाराचा. शंभरातले दहा कण चिकट असले तरी उरलेल्या नव्वदांना धरून ठेवायला ते पुरतात. चिक्कीत शेंगदाणे वितळत नाहीत, गूळ वितळतो, तरी वडी एकसंध होतेच. सुळकाही असाच, आतला पाक झाला तरी दाण्यांच्या सांगाड्यावर उभा राहतो आणि कॅमेऱ्याला सगळं ठीक दिसतं.

तिसरं कारण सगळ्यात मोठं. ते म्हणजे वेळ.

दाटपणा पास्कल-सेकंद या एककात मोजतात. पाण्याचा दाटपणा याच्या हजारांश, मधाचा साधारण दहा. राखेचा उडता कण नळीवर आपटून तिथेच चिकटायचा तर त्याचा दाटपणा ढोबळमानाने एक लाख पास्कल-सेकंदांच्या आसपास उतरलेला असावा लागतो. हा पाण्याच्या दहा कोटी पट झाला. पाहणाऱ्याला असा कण घट्टच वाटेल. पण आपटण्याच्या क्षणी किंचित चपटा होण्याइतका तो मऊ असतो आणि तेवढं पुरतं.

एकदा नळीवर बसलेल्या कणाला घाई नसते. १९४५ साली याकोव्ह फ्रेंकेल यांनी दोन मऊ गोळे एकमेकांना टेकले की त्यांच्यामध्ये सांधा कसा वाढत जातो याचं सूत्र मांडलं. पृष्ठताण त्यांना जवळ ओढतो, दाटपणा विरोध करतो. त्या सूत्रात राखेचे आकडे घालून बघा. कणाचा व्यास एका मिलिमीटरचा शंभरावा भाग, वितळलेल्या सिलिकेच्या मिश्रणाचा पृष्ठताण पाण्याच्या चौपट. दाटपणा एक लाख असेल तर दोन कणांमधला सांधा कणाच्या निम्म्या जाडीचा व्हायला पाव सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. आता दाटपणा लाखपट वाढवा, म्हणजे कण दगडासारखा घट्ट करा. वेळही लाखपट वाढतो आणि उत्तर येतं पावणेआठ तास. कारखान्याची एक पाळी!

कण आपटून चिकटत नाही इतका घट्ट असला, तरी एकदा बसल्यावर एका पाळीत त्याचा शेजाऱ्याशी सांधा जुळतो. खिडकीच्या साध्या काचेत दाटपणाचा हा लाखपट फरक पडायला दोन-सव्वादोनशे अंशांचं अंतर पुरतं. सुळक्याची परीक्षा काही तासांत उरकते, हंगाम मात्र महिनोन्‌महिने चालतो. म्हणून सुळका ज्या तापमानाला निर्धास्त उभा असतो, त्याच्या कितीतरी खाली नळीवर खंगर तयार झालेला असतो.

चिकटपणाला हात घालण्याचे मार्ग

सुळका अपुरा ठरला तेव्हा संशोधकांनी गुळव्याच्याच मार्गाने जायचं ठरवलं: वितळण्याची वाट न पाहता चिकटपणालाच हात घालायचा.

पहिला मार्ग गोळी फोडण्याचा. अमेरिकेत बार्नहार्ट आणि विल्यम्स यांनी १९५६ साली अशी परीक्षा मांडली. राखेच्या लहान वड्या दाबून तयार करायच्या, वेगवेगळ्या तापमानांना तासन्‌तास भाजायच्या, गार करायच्या आणि मग यंत्रात दाबून फोडायच्या. कितव्या अंशाला भाजलेली वडी एकदम जास्त जोर मागायला लागते, तिथे सांधे जुळायला लागले असं समजायचं. गुळव्या गोळी वाजवतो, त्याचीच ही यंत्रातली आवृत्ती.

दुसरा मार्ग ओढून बघण्याचा. दोन अर्धुकांची एक वाटी घ्यायची, तिच्यात राख भरून दाबायची, भट्टीतच तापवायची आणि तापलेली असतानाच एक अर्धुक हळूहळू बाजूला ओढायचं. राखेचा थर तुटायला किती जोर लागला ते मोजायचं. कोरड्या राखेला जवळजवळ काहीच लागत नाही. तापमान वाढवत नेलं की एका ठिकाणी जोराची रेषा वर वळते. या पद्धतीत राख गार करावी लागत नाही, म्हणून आगीत ती जशी असते तशी हाताला लागते. बारीक राख गाळणाऱ्या, उच्च तापमानाला चालणाऱ्या गाळण्यांसाठी हे मोजमाप फार उपयोगी पडतं.

तिसरा मार्ग आकसण्याचा. नळीत राख भरून तिच्यावर हलकं वजन ठेवायचं आणि ते किती खाली जातं ते बघायचं. कण एकमेकांत शिरू लागले की उंची घटते. चौथा मार्ग विजेचा. कोरडी राख वीज जवळजवळ वाहू देत नाही. क्षार वितळला की त्यातले भारित कण हलू लागतात आणि प्रवाह वाढतो. डोळ्याला काहीही दिसण्याआधी विजेची सुई सांगते की आत कुठेतरी पाक सुटला.

आणि शेवटचा मार्ग अगदी रोखठोक. आतून हवा खेळवून गार ठेवलेली पोलादी नळी थेट चालू बॉयलरमध्ये खुपसायची, काही तासांनी बाहेर काढायची, तिच्यावर काय बसलं ते वजन करून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. नळीवर किती राख आपटली याचा हिशोब मांडता येतो, किती चिकटली ते तराजू सांगतो. दोघांचा भागाकार म्हणजे चिकटण्याचं प्रमाण. शंभर कण आले, त्यांतले किती राहिले. सगळ्या परीक्षांचा शेवट या भागाकाराशी जुळला तर खरा.

राखेतून पडलेलं विमान

चिकटपणा जसा येतो तसा जातोही. २४ जून १९८२ च्या रात्री ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ क्वालालंपूरहून पर्थला निघालं होतं. जावा बेटावरचा गलुंगगुंग ज्वालामुखी त्या वेळी राख ओकत होता. सुमारे ३७ हजार फुटांवर विमान त्या राखेत शिरलं आणि चारही इंजिनं एकामागून एक बंद पडली. इंजिनाच्या ज्वलनकक्षात ज्वालामुखीची काचमय राख मऊ झाली होती आणि टर्बाइनच्या पात्यांवर बसून तिने हवेची वाट बुजवली होती. विमान तरंगत खाली येऊ लागलं. बंद इंजिनं गार झाली, राखेचा थर ठिसूळ होऊन तडकला आणि निखळला. सुमारे १३ हजार फुटांवर इंजिनं पुन्हा सुरू झाली आणि विमान जकार्ताला उतरलं. आत असलेले सगळे २६३ जण वाचले.

हीच युक्ती बॉयलर चालवणारेही वापरतात. रात्री भार कमी करायचा, भट्टी थोडी गार होऊ द्यायची. नळी आणि थर वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, थराला तडे जातात आणि सूट ब्लोअरला पकड मिळते.

गिरणीने धुतलेलं सरपण

मग एक कोडं उरतं. हजारो टन ऊस जाळूनही बगॅसचे बॉयलर वर्षानुवर्षं बऱ्यापैकी सुरळीत कसे चालत आले? याचं उत्तर गाळपाच्या पद्धतीत आहे. ऊस एकामागून एक मिलमधून पिळला जातो आणि शेवटच्या मिलपाशी वरून पाणी सोडलं जातं, उरलीसुरली साखर निघावी म्हणून. साखरेबरोबर पाण्यात विरघळणारं पोटॅशियम आणि क्लोरीनही धुऊन निघतं. साखर काढण्याच्या नादात कारखाना नकळत आपलं सरपण धुऊन घेतो.

डेन्मार्कमध्ये गव्हाच्या पेंढ्यावर वीज केंद्रं चालतात. तिथेही हाच अनुभव आला. पिवळाधमक ताजा पेंढा नळ्या बुजवतो. शेतात पावसात भिजून करडा पडलेला पेंढा निमूट जळतो, कारण पावसाने त्यातले क्षार धुऊन नेलेले असतात. आपल्याला जो पेंढा वाया गेलेला वाटेल, तोच बॉयलरवाल्याला हवा असतो.

आता पाचटाचा विचार करा. ऊस तुटला की हेक्टरी आठ-दहा टन पाचट मागे राहतं. शेतात पेटवून देण्यापेक्षा ते कारखान्यात जाळून वीज करावी, ही कल्पना ऐकायला गोड आहे. पण पाचटावरून मिलचं पाणी गेलेलं नसतं. त्याच्या राखेत पोटॅशियम आणि क्लोरीन बगॅसपेक्षा बरंच जास्त. त्यातही हिरवे शेंडे सगळ्यात वाईट, वाळलेली पानं त्यामानाने सौम्य. कोल्हापूरकडे हे शेंडे, म्हणजे वाढं, जनावरांच्या पुढ्यात जातं, हे दूधवाल्याच्या आणि बॉयलरवाल्याच्या, दोघांच्याही सोयीचं. थोडं पाचट बगॅसमध्ये मिसळून चालतं. किती थोडं, हे अंदाजाने ठरवायचं नसतं. केओलिन ही पांढरी माती मिसळली तर ती पोटॅशियमला बांधून घेते आणि फार उष्णतेलाच वितळणारं द्रव्य तयार करते, पण तिचाही खर्च आहे.

मिलमध्ये धुतलं गेलेलं पोटॅशियम गेलं कुठे? रसात, रसातून मळीत, मळीतून डिस्टिलरीत. मळीपासून एक लिटर मद्यार्क करताना आठ ते बारा लिटर गडद सांडपाणी, म्हणजे स्पेंटवॉश, निघतं. ते नदीत सोडायचं नाही असा नियम कडक झाल्यावर अनेक डिस्टिलऱ्यांनी ते आटवून, बगॅस किंवा कोळशाबरोबर खास बॉयलरमध्ये जाळायला सुरुवात केली. बगॅसमधून वाचलेलं सगळं पोटॅशियम इथे गाठतं. चिकट राखेचा खरा आखाडा हाच. हंगामभर आग न विझवण्याचा मान या बॉयलरांना नसतो; नळ्या साफ करायला ते पुन्हा पुन्हा थांबवावे लागतात.

पण त्याच राखेला बाजारात किंमत आहे. तिच्यातलं पोटॅश खत म्हणून वापरता येतं. २०२१ साली केंद्र सरकारने मळीपासूनच्या पोटॅशचा खत अनुदान योजनेत समावेश केला. त्यात साडेचौदा टक्के पोटॅश असतं. जानेवारी २०२४ मध्ये साखर कारखान्यांनी खत कंपन्यांना ते विकण्याचा दर टनाला ४,२६३ रुपये ठरला. भारत आपलं जवळजवळ सगळं पोटॅश परदेशातून आणतो. शेतकऱ्याने उसाला घातलेलं पोटॅश रस, मळी, स्पेंटवॉश आणि नळीवरचा खंगर असा फेरा करून पुन्हा उसाच्या मुळाशी जाऊ शकतं.

पाचटाला तर एवढ्या फेऱ्याचीही गरज नाही. सरीत पसरून कुजवलं तर त्यातलं पोटॅशियम तिथल्या तिथे खोडव्याला मिळतं, आणि बॉयलरची नळीही वाचते. तरीही जाळायचंच असेल तर पहिली ट्रॉली बॉयलर हाऊसकडे वळवण्याआधी त्यातलं मूठभर पाचट ५५० अंशांना जाळावं, राखेच्या वड्या पाडाव्यात, आठ तास भाजाव्यात आणि फोडून बघाव्यात. एका दिवसाचं काम आहे. गोळी वाजवून पाहिल्याशिवाय कुठलाही गुळव्या काहील उतरवत नाही.